डबी भलत्याच हातात गेली : पत्त्यांच्या एका भुताळी खेळाचं प्रकरण

पत्त्यांच्या डबीतलं पान ओढलं गेलं, आत काहीतरी जोरात फडफडलं, मित्राचे काका खुर्चीसकट मागे सरकले आणि त्यांचा कोपर लागून टेबलावरचा दिवा पडला. दिवा विझला. काही क्षण खोलीत कोणीच बोललं नाही. जवळून दाखवायच्या जादूच्या खेळाला इतका मोठा प्रतिसाद मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. तरीही खेळ फसला होता, आणि किती फसला होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की, भीतीचे खेळ करणारे बरेचजण एकच मोजमाप लावतात : लोक किती दचकले. मीही तेच लावत होतो.

खेळ काय होता

मित्राच्या घरी सातजण एका टेबलाभोवती बसले होते. खोलीतला मोठा दिवा बंद, टेबलावर एक छोटा दिवा. माझ्यासमोर बावन्न पानांचा कॅट आणि बाजूला त्याची डबी. मित्राच्या धाकट्या बहिणीने कॅटमधून एक पान ओढलं, बदामची नव्वी निघाली. तिने त्यावर मार्करने सही केली आणि पान परत कॅटमध्ये घातलं. मी कॅट पिसला आणि डाव्या तळहातावर आडवा ठेवला. तिला म्हटलं, "तुझा हात याच्यावर वीतभर उंच धर. स्पर्श करू नकोस."

मग गोष्ट. ती मी खरी घटना म्हणून सांगतो, कारण ती बव्हंशी खरी आहे. २ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेच्या डाकोटा भागात, डेडवुड नावाच्या वस्तीतल्या एका दारूच्या गुत्त्यात वाइल्ड बिल हिकॉक पत्ते खेळायला बसला. दाराकडे पाठ करून न बसण्याची त्याची सवय प्रसिद्ध होती. त्या दिवशी मात्र त्याला हवी ती जागा मिळाली नाही. जॅक मॅकॉल नावाच्या माणसाने मागून येऊन त्याच्या डोक्यात गोळी घातली. म्हणतात की त्या वेळी त्याच्या हातात काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या होत्या. या शेवटच्या तपशिलाला त्या काळचा पक्का पुरावा नाही, तो नंतर रूढ झाला. तरी पत्तेवाल्यांच्या जगात त्या पानांना आजही मेलेल्या माणसाचा हात म्हणतात. 'म्हणतात की' हा शब्द मी गोष्टीत मुद्दाम ठेवतो. त्याने गोष्ट खोटी वाटत नाही, उलट जास्त जवळची वाटते.

गोष्ट मॅकॉलपाशी पोचते त्या सुमारास तळहातावरचा कॅट हलायला लागतो. वरची अर्धी पानं स्वतःहून बाजूला वळत जातात, अगदी सावकाश, कोणीतरी आतून ढकलत असल्यासारखी. ती थांबली की वरचा गठ्ठा उचलायचा आणि जिथे कॅट दुभंगला तिथलं पान उलटायचं. निघते इस्पिकची अठ्ठी. मी म्हणतो, "हे तुझं पान नाही. हे त्याचं आहे."

इथे लोक हसतात. खेळ चुकला असं निम्म्यांना वाटतं, उरलेल्यांना शेवट आवडलेला असतो. हात खाली येतात, पाठी खुर्चीला टेकतात. तेवढ्यात मी डबी उघडायला सांगतो. डबीत एकच पान दिसतं. ते ओढलं की डबी हातात थरथरत, कडकड वाजत सुटते, आणि बाहेर आलेल्या पानाच्या पुढच्या अंगाला बदामची नव्वी असते, सहीसकट.

पडद्यामागचं

कॅट आपोआप दुभंगणं हा जुना खेळ आहे. अमेरिकी जादूगार अल बेकर यांच्या नावाशी तो जोडला जातो, आणि पुढे अनेकांनी तो आपापल्या पद्धतीने बसवला. डोळ्यांना न दिसणारा बारीक धागा हे त्याचं अंतरंग. धागा बांधावा कुठे, पानांत घ्यावा कसा, हे ज्याने त्याने शिकणाऱ्याला समोर बसवून दाखवावं अशा मताचा मी आहे. पण एक गोष्ट लिहायला हरकत नाही, कारण ती कोणत्याही पद्धतीत लागू पडते : धागा ओढायचा नसतो. कॅट धरलेला हात प्रेक्षकाच्या दिशेने किंचित पुढे न्यायचा असतो, "नीट बघ" म्हणताना सहज जातो तसा. ओढलेली हालचाल झटक्याची दिसते. पुढे नेलेल्या हाताची हालचाल श्वासासारखी दिसते.

सहीचं पान पिसतानाच वर आणलेलं असतं आणि तळहातात लपलेलं असतं. "ही डबी जरा बाजूला ठेवू" म्हणत डबी सरकवताना ते आत जातं. कोणी बघत नाही, कारण त्या क्षणी मी प्रेक्षकाला प्रश्न विचारलेला असतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या हाताकडे माणूस बघत नाही, तोंडाकडे बघतो.

डबीतला खटका म्हणजे खोडकर मुलांच्या पाकिटातली युक्ती. जाड तार इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवायची, तिच्या दोन टोकांत रबरबँड ताणायचा, मधोमध लोखंडी वॉशर अडकवायचा आणि तो फिरवून रबराला पीळ द्यायचा. वॉशर दाबून धरला तोवर शांत. दाब सुटला की तो पुठ्ठ्यावर भराभर आपटतो. माझ्या डबीत तो दाब एका जोकरचा होता. जोकरला मेणाचा बारीक ठिपका. सहीचं पान आत सरकवून डबी दाबली की दोन्ही पानं चिकटतात आणि एकत्र बाहेर येतात. तीस पीळ द्यायचो मी. बंद पुठ्ठ्यात, हाताला लागून वाजणारे तीस पीळ फार असतात.

मला या रचनेचा अभिमान होता. स्वतःचं पान ओढण्याच्या कृतीतूनच खटका सुटतो, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्या हाताने भूत जागं करतो. कागदावर ही रचना सुंदर होती.

त्या रात्री

इस्पिकची अठ्ठी निघाली, सगळे हसले. मी म्हटलं, "आता कोणीतरी ती डबी उघडा."

आधीच्या सगळ्या वेळी हेच वाक्य होतं, आणि सगळ्या वेळी सही करणाऱ्यानेच डबी उचलली होती, कारण ती त्याच्याच पुढ्यात असायची. या वेळी टेबल लांबट होतं. डबी बाजूला सरकवताना ती मित्राच्या काकांच्या समोर गेली होती. बहिणीचा एक हात अजून हवेत होता, दुसऱ्यात मार्कर. काका गोष्ट सुरू झाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. मी 'कोणीतरी' म्हटल्यावर त्यांनी मुकाट्याने डबी घेतली, झाकण उघडलं, पान ओढलं.

पुढचं सुरुवातीला लिहिलंच आहे. मोठा दिवा लागला तेव्हा काका एक हात छातीवर ठेवून "काही नाही, काही नाही" म्हणत होते आणि हसायचा प्रयत्न करत होते. चेहरा पांढरा पडला होता. बहीण मोठ्याने म्हणाली, "अरे, काय हे!" ती माझ्याकडे बघत होती.

पहिले दोन सेकंद मी काय केलं ते लिहायला हवं. मी कॅटवर हात ठेवला. मोठ्या उजेडात धागा दिसेल या धास्तीने हात आपोआप तिकडे गेला. समोर एक माणूस घाबरून उभा होता आणि मी धागा झाकत होतो. सरावाने अंगात काय मुरलंय ते असं उघडं पडतं. त्या दोन सेकंदांची मला आजही लाज वाटते.

मग मी त्यांच्या बाजूला गेलो, पाणी दिलं, आणि जमिनीवर पडलेली डबी उचलून आतली तार आणि वॉशर त्यांच्या हातात ठेवला. "काका, एवढंच आहे हे." त्यांनी वॉशर बोटाने फिरवून बघितला. दोनतीन मिनिटांनी श्वास सरळ झाला. पाठोपाठ दिवा फुटला नाही ना याची चौकशी झाली, कोणीतरी दुसरा विषय काढला, आणि रात्र पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मित्राचा फोन आला. "अरे, सोफ्याखाली बदामची नव्वी सापडली. तिची सही आहे त्याच्यावर. ही तर कॅटमध्ये होती ना? इथे कशी?"

सातजणांपैकी एकानेही आदल्या रात्री हा प्रश्न विचारला नव्हता. सही करणाऱ्या बहिणीनेही नाही. पान डबीतून उडालं, जोकरपासून सुटलं, जमिनीवर पालथं पडलं, आणि ते पान अस्तित्वात होतं हेच सगळे विसरले. अख्खा खेळ ज्या अशक्य गोष्टीसाठी रचला होता ती घडली होती, आणि ती कोणीच पाहिली नव्हती.

कुठे चुकलं

पहिली चूक सरळ आहे : 'कोणीतरी'. ज्या मुलीने स्वतः हात पुढे केला, पान ओढलं, हसत सही केली, तिने खेळात उतरायचं ठरवलं होतं. काकांनी ठरवलं नव्हतं. ते बघायला बसले होते. बघणाऱ्याला न विचारता खेळात ओढायचं आणि वर त्याला घाबरवायचं, हा अन्याय आहे. खेळाच्या संहितेत मी प्रत्येक शब्द तोलला होता, आणि सगळ्यात धोक्याच्या वाक्याचा कर्ता मोकळा सोडला होता.

दुसरी गोष्ट मला आठवडाभराने लक्षात आली, खोलीचा नकाशा कागदावर काढताना. काकांची खुर्ची दाराकडे पाठ करून होती. दार उघडं होतं, पलीकडे अंधार. आणि मी दहा मिनिटं दाराकडे पाठ करून बसलेल्या माणसाला मागून गोळी घातल्याची गोष्ट सांगत होतो. इतर सहाजणांसाठी ती हिकॉकची गोष्ट होती. काकांसाठी ती त्यांच्या खुर्चीची गोष्ट होती.

याचा परिणाम फक्त मनावर होत नाही. दचकणं ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मोठा अनपेक्षित आवाज झाला की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच पापण्या मिटायला लागतात, मग चेहरा आक्रसतो, खांदे वर येतात, मान पुढे झुकते. विचार त्यानंतर पोचतो. हे ठरवून थांबवता येत नाही, आवाज होणार हे ठाऊक असूनही पापणी बऱ्याचदा मिटतेच. पण क्रिया तीच असली तरी तिचा जोर ठरलेला नसतो. आधीच भ्यालेला जीव त्याच आवाजाने जास्त दचकतो. हे १९५१ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आणि नंतर माणसांतही वारंवार दिसलं. माणूस अंधारात जास्त दचकतो हेही तपासलं गेलं आहे. काही मानसिक आघातांनंतर तर दचकण्याचा अतिरेक हे लक्षणच असतं, आणि ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

म्हणजे माझे तीस पीळ हे तीसच नव्हते. अंधार, गोष्ट, पाठीमागचं दार आणि लांबलेली शांतता यांनी त्यांना गुणलं होतं. बहिणीच्या समोर भिंत होती, शेजारी भाऊ होता, हातात मार्कर होता. तिला कदाचित ते तीसच वाटले असते. मी पीळ मोजले, खुर्च्या मोजल्या नाहीत.

या दोन चुका सुधारणं सोपं होतं. तिसरीने मला जास्त दिवस छळलं, आणि ती त्या रात्रीपुरती नव्हती. आधीच्या यशस्वी खेळांतही ती होती, फक्त मला दिसली नव्हती.

ती अशी : मी धक्का आणि आश्चर्य एकाच क्षणी ठेवले होते. पान ओढलं जातं तेव्हाच खटका सुटतो, तेव्हाच सही दिसायला हवी. पण दचकलेला माणूस सही वाचत नाही. त्याचे डोळे मिटलेले असतात, हात झटकलेला असतो, आणि उघडल्यावर डोळे धोका शोधतात, पान शोधत नाहीत. मी आधीच्या प्रेक्षकांना फोन करून विचारलं, "शेवटी काय झालं होतं आठवतंय?" तिघांशी बोललो. तिघांनीही डबीची कडकड सांगितली. पानावर सही होती हे एकालाच आठवलं, तेही मी आठवण करून दिल्यावर.

आश्चर्याला वेळ लागतो. पान बघायचं, ओळखायचं, ते कॅटमध्ये गेल्याचं आठवायचं, डबी तर सगळ्यांसमोर पडून होती हे आठवायचं, आणि मग या दोन आठवणी एकमेकींना खोटं पाडतात तेव्हा अंगावर काटा येतो. यातला एकही टप्पा दचकलेल्या अवस्थेत होत नाही. माझ्या खेळात धक्का आश्चर्याला खाऊन टाकत होता, आणि लोक ओरडले म्हणून मी खूश होत होतो. ओरडायला लावणं वॉशरचं काम होतं. माझं काम वेगळं होतं आणि ते मी करत नव्हतो.

गुपित फोडलं, ते

यावर जादू करणाऱ्या दोन मित्रांशी माझा वाद झाला. एकाचं म्हणणं, वॉशर दाखवायला नको होता, काका दोन मिनिटांत सावरलेच असते. मला ते पटत नाही. घाबरलेल्या माणसाला 'काय होतं ते' कळायचा हक्क आहे, आणि तो माझ्या गुपितापेक्षा मोठा आहे. भीती दाखवणाऱ्यांच्या परंपरेतही याला आधार सापडतो. १७९० च्या दशकाअखेरीस पॅरिसमधल्या एका ओसाड मठात एतिएन-गास्पार रोबेर, म्हणजे रोबर्टसन, पडद्यामागून सरकत्या दीपयंत्राने, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या दिव्याने, भुतं दाखवत असे. ती आकाराने वाढत प्रेक्षकांवर धावून येत. पण हा सगळा प्रकाशविद्येचा खेळ आहे, हे तो लोकांना स्पष्ट सांगत असे. त्याने गर्दी कमी झाली नाही.

दुसऱ्या मित्राचा मुद्दा मात्र खरा होता. त्याने विचारलं, "वॉशर दाखवलास, मग पान का नाही दाखवलंस?" काकांना तार देऊन भीती उतरवली तेव्हाच, मोठ्या उजेडात, शांतपणे जमिनीवरचं पान उचलून उलटलं असतं तर खेळ तिथेच वाचला असता. खटक्याचं गुपित गेलं असतं आणि पानाचं राहिलं असतं. माझ्या डोक्यात ते आलंच नाही, कारण माझ्याही लेखी खटका झाला की खेळ संपत होता.

बदल

आता मेण नाही. डबीतलं पहिलं पान नुसता जोकर आहे. तो ओढला की खटका. सहीचं पान तारेच्या पलीकडे, डबीच्या मागच्या पुठ्ठ्याला लागून असतं आणि जोकर बाहेर आल्यावरही आतच राहतं. धक्का बसतो, लोक ओरडतात, मग हसतात. मी काहीच बोलत नाही. हसू ओसरेपर्यंत थांबायचं, मनात सावकाश पाच मोजायचे. ही थांबण्याची जागा अख्ख्या खेळात सर्वांत अवघड आहे, धाग्याहूनही. हात शिवशिवतात. मग डबीकडे नजर टाकून, आवाज खाली आणून सांगायचं की आत अजून एक पान आहे.

पीळ तीसवरून चौदावर आणले. खोली शांत असेल तर चौदा पुरतात. टेबलावरचा दिवा आता माझ्या हाताशी असतो, दुसऱ्या कोणाच्या कोपराशी नाही. दाराकडे पाठ असलेल्या खुर्चीत मी स्वतः बसतो. गोष्टीला त्याने उलट धार येते. पान ओढणाऱ्याला खेळाआधी बाजूला घेऊन विचारतो, "शेवटी अचानक आवाज होईल, चालेल ना?" याने धक्का कमी होईल अशी भीती होती. तसं काही झालं नाही, कारण 'शेवट' कुठला हे त्याला ठाऊक नसतं. इस्पिकची अठ्ठी निघते तेव्हा त्याला वाटतं, तो आवाज बहुधा राहूनच गेला. आणि वाक्य बदललं : नाव घेऊन, डबी स्वतःच्या हाताने त्याच्या तळहातावर ठेवून, "तू उघड."

महिन्याभराने त्याच घरी परत बसलो. खेळ करायचा माझा विचार नव्हता. काकांनीच विचारलं, "ते डबीचं आणलंयस का?" मी म्हटलं, "आणलंय, पण तुम्हाला तर आतलं माहीत आहे." ते म्हणाले, "म्हणूनच. मला या वेळी बघायचंय."

ते माझ्या उजव्या हाताला, भिंतीकडे पाठ करून बसले. मित्राच्या बहिणीने पुन्हा पान ओढलं, या वेळी किलवरची दुर्री, आणि सही केली. अठ्ठी निघाली. डबी मी तिच्या तळहातावर ठेवली. तिला खटका माहीत होता, तरी जोकर ओढताच ती किंचाळली आणि डबी टेबलावर टाकली. सगळे हसत सुटले. काकाही हसले. मी मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन.

चारपाशी काकांचं हसू थांबलं. ते टेबलावर वाकले, डबीच्या उघड्या तोंडातून आत बघितलं आणि माझं वाक्य माझ्याआधी म्हणाले, "थांबा. आत अजून एक पान आहे."